पाणी जेथे दोन वाटांनी जाते
कणकुंबीच्या घाटमाथ्यावरील एक दिवसाची पदयात्रा

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जाणारी माणसे आपल्यात थोडी नाहीत. कोणाची मुलगी डिचोलीस दिलेली असते, कोणाचा भाऊ म्हापशास नोकरीस असतो, आणि जुन्या गोव्याच्या फेस्तास तर गावेच्या गावे लोटतात. गाडी जांबोटी मागे टाकते, दुतर्फा झाडी दाट होत जाते, वळणे सुरू होतात. कोणी डोळे मिटून घेतो, कोणी पोटात ढवळू नये म्हणून लिंबू हुंगतो. अशा अवस्थेत कणकुंबीच्या आसपास प्रवासी सह्याद्रीचा पाणलोट ओलांडून पलीकडे जातो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. मीही हा रस्ता कित्येक वर्षे असाच तुडविला. मागील नाताळानंतरच्या आठवड्यात मात्र आमच्या धर्मग्रामातील नऊ तरुणांस घेऊन मी कणकुंबीस उतरलो व दिवसभर पायी हिंडलो. त्या हिंडण्याविषयी आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

पाणलोट हा शब्द आपण शाळेत पाठ केलेला असतो. तो पायाखाली आला म्हणजे काय वाटते, हे पुस्तकात सापडत नाही. कणकुंबी हे खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाचे गाव. येथे माउली देवीचे देऊळ असून मलप्रभेचा उगम याच स्थळी मानतात. येथून निघालेली मलप्रभा पूर्वेकडे तोंड करून चालू लागते. खानापूरजवळ असोग्यास ती भेटते, सौंदत्तीपाशी नविलुतीर्थाच्या धरणात अडते, तेथून सुटून पट्टदकल आणि ऐहोळे येथील जुन्या देवालयांच्या कडेने जाते, आणि 304 किलोमीटर चालून कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. म्हणजे तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते. आणि याच गावच्या शिवारातला कळसा नावाचा ओढा पाहावा, तर तो पाठ फिरवून पश्चिमेस धावतो, घाट उतरून म्हादईस मिळतो. म्हादईचीच पुढे मांडवी होते. ती दिवाडी, चोडण या बेटांना वळसे घालीत, जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून पणजीस अरबी समुद्रात शिरते. अरबी समुद्र येथून सरळ रेषेत अगदी जवळ. तरीही मलप्रभेने मात्र सारा देश ओलांडण्याची वाट धरली!

माथ्यावर एका उघड्या सड्यावर आम्ही न्याहारीस बसलो होतो. हा उंचवटा पाणलोटाचाच, असे बरोबरच्या वाटाड्याने सांगितले. त्यावर एका मुलाने बाटलीतले पाणी काळ्या जांभ्यावर ओतून पाहिले. थोडे इकडे ओघळले, थोडे तिकडे. मुले हसली. मग एकजण म्हणाला, "फादर, हे अर्धे पाणी माझ्या मावशीकडे गेले." त्याची मावशी सत्तरीत राहते.

या विनोदाला एक कडू बाजू आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. कळसा आणि भांडुरा या ओढ्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवावे, असे कर्नाटकाचे म्हणणे. तसे केल्यास म्हादई सुकेल, असे गोव्याचे म्हणणे. 2010 साली यासाठी लवाद नेमण्यात आला. 14 ऑगस्ट 2018 रोजी त्याने निवाडा दिला, तो असा : गोव्यास 24 टीएमसी, कर्नाटकास 13.42 व महाराष्ट्रास 1.33. कर्नाटकाच्या वाट्यापैकी मलप्रभेकडे वळवावयाचे पाणी 3.9 टीएमसी, आणि त्याहून बरेच अधिक, 8.02 टीएमसी, वीजनिर्मितीसाठी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. निवाड्यानेही वाद शमला नाही, राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. गेल्या वैशाखात एका लग्नाच्या मांडवात वराकडील गोव्याची मंडळी आणि वधूकडील घाटावरची मंडळी याच प्रश्नावरून हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली. सोरपोतेल थंड होत होते आणि दोन व्याही एकमेकांस टीएमसीचे आकडे ऐकवीत होते. त्यांपैकी एकानेही कळसा ओढा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

तो ओढा आम्ही पाहिला. डिसेंबरात त्याला फार पाणी नसते. गुळगुळीत धोंड्यांमधून तो चालतो, वर झाडांची कमान असते. शीळकरी कस्तूर कोठेतरी माणसासारखी शीळ घालीत होता. दोन मुलांनी आपल्यास कोणी बोलावीत आहे असे समजून मागे वळून पाहिले. कणकुंबीजवळच कालव्यासाठी खणलेली खोल चरही दिसते. तिच्या काठावर मुले बराच वेळ गप्प उभी राहिली. तिकडे सौंदत्तीच्या पुढचा मुलूख कोरडा आहे, तेथील शेतकऱ्याची तहान खोटी नाही. इकडे सत्तरीतील बागायतदाराची भीतीही खोटी नाही. न्याय कोणी कसा करावा हे माझ्यासारख्याने सांगावयाचे नाही. परंतु ज्याने हे ठिकाण पायी पाहिले, त्याची बोलण्याची तऱ्हा जरा निराळी होते, एवढे मी खात्रीने सांगतो. परतताना त्या मुलांपैकी एकानेही "आमचे पाणी" हे शब्द उच्चारले नाहीत.

येथील रानाविषयी लिहू लागलो तर हा अंक पुरणार नाही. हिरडा, जांभूळ, किंजळ ही झाडे आपल्या ओळखीची. उन्हाळ्यात निळ्या फुलांनी फांद्या मढविणारी अंजनीही येथे आहे. कारवी वर्षानुवर्षे मुकी राहते व सुमारे सात वर्षांनी एकदाच साऱ्या उतारावर फुलते. पाऊस ओसरता ओसरता सड्यांवर सीतेची आसवे उगवतात. ही नाजूक निळी फुले ज्या रोपाची, ते बारीक किडे धरून खाते, हे सांगितले तर आमच्या मुलांना पटेना. चोर्ल्याच्या परिसरात मातीत राहणारा, पाय नसलेला, अंगावर पिवळे पट्टे असलेला एक उभयचर प्राणी आहे. लोक त्याला साप समजून मारीत आले. शास्त्रज्ञांनी त्याला नवी जात म्हणून नाव दिले ते 2011 साली! आपल्या दाराशी राहणाऱ्याची ओळख व्हावयास इतका काळ लागला.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पावसाळ्यात जाऊ नये. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, शेवाळलेल्या जांभ्यावर पाय ठरत नाही, आणि ओढा घटकेत चढतो. धबधब्याखाली उभे राहून छायाचित्र काढण्याच्या हौसेपायी दर साली कोणा ना कोणा मातेचा मुलगा जातो. अशा दोन अंत्यविधींस मी उभा राहिलो आहे, त्याहून अधिक लिहवत नाही. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भाकरी, सुकी चटणी, कांदा, भरपूर पाणी, हातात काठी. ओल्या झाडीत जळवा लागतात; मीठ जवळ असावे, ओढून काढू नये. गावचा एक माहीतगार सोबत घ्यावा व त्याला त्याची मजुरी न घासाघीस करता द्यावी. दक्षिणेस भीमगडाचे अभयारण्य लागते, खाली गोव्यात म्हादईचे. तेथे जंगलखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. गवा व अस्वल हे तेथले घरधनी आहेत. आणि दोन वाजता, जेथे असाल तेथून, माघारी वळावे. शिखर शंभर पावलांवर राहिले असले तरी.

आमच्या गावचे एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "फादर, पाद्रीबाबांनी डोंगर चढत हिंडणे शोभते काय?" मी त्यांना अकिले रात्ती या इटालियन धर्मगुरूची गोष्ट सांगितली. हे 1889 साली मोंते रोझा या आल्प्समधील हिमाच्छादित पर्वतावर पूर्वेकडील भयंकर कड्याने चढले. वर रात्र पडली तेव्हा अंधारात चालण्याचे धाडस न करता ते व त्यांचे सोबती खडकाच्या एका अरुंद कंगोऱ्यावर, कडाक्याच्या थंडीत, झोप येऊ न देता पहाट होईपर्यंत थांबले. हेच गृहस्थ 1922 साली पोप अकरावे पायस झाले, आणि 1923 साली त्यांनी मेंतोंच्या संत बर्नार्ड यांस गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. आजोबांनी सारे ऐकून घेतले व विचारले, "पण त्यांचे गुडघे दुखत नव्हते ना?" माझे दुखत होते, हे त्यांनी चालीवरून ओळखले होते.

या घाटांनी आपल्या पूर्वजांचे गुडघे मात्र खरोखरीच दुखले असतील. मोटाररस्ते होण्यापूर्वी लमाणांचे बैल मीठ घेऊन वर येत व धान्य घेऊन खाली जात. गोव्यातून सतराव्या-अठराव्या शतकांत घाटावर आलेली ख्रिस्ती कुटुंबेही अशाच वाटांनी, डोक्यावर गाठोडे व कडेवर पोर घेऊन, चढली. कोणी दुष्काळाने, कोणी साथीने, कोणी राज्यकर्त्यांच्या जाचाने. त्या पायवाटांपैकी काही अजून उमटलेल्या दिसतात. गुरे राखणारा म्हातारा त्या दाखवितो. त्याच्यामागून येणारा गुराखी कोणी नाही, त्याची मुले बेळगावात कारखान्यात आहेत. वाट दोन पावसाळे तुडविली गेली नाही की कारवी तिच्यावर चढते.

संध्याकाळी कणकुंबीच्या फाट्यावर चहा पीत आम्ही गाडीची वाट पाहत बसलो. गोव्याकडील मोटारी सपाट्याने निघून जात होत्या. आमच्यातल्या त्या मावशीवाल्या मुलाने तिला तेथूनच दूरध्वनी लावला, आणि पुढील महिन्यात तिच्या दोन मुलांना येथे घेऊन येण्याचे ठरवूनच तो गाडीत चढला. त्या दिवशीसाठी वाटाड्यास आगाऊ सांगून ठेवले आहे. आणखी कोणास यावयाचे असल्यास रविवारच्या मिस्सानंतर मला भेटावे. पायांत चांगली पकड असलेले बूट हवेत, चपला चालणार नाहीत.