पायातला जोर

वाहनाचे कौतुक करताना आपण त्याच्या वेगाविषयी बोलतो. ब्रेकची आठवण होते ती उतार लागल्यावर. आमचे धाराशिव बालाघाटच्या डोंगररांगेतले. येथून सोलापूरला जायचे तर तुळजापूरचा घाट उतरावा लागतो, त्यामुळे ब्रेकचे महत्त्व येथे कोणाला सांगावे लागत नाही. गेल्या वर्षी मात्र हा विषय आमच्या घरात अगदी निराळ्या निमित्ताने आला.

अभियांत्रिकीला शिकणाऱ्या माझ्या मुलाला संगणकावरील मोटारशर्यतीचा छंद आहे. समोर पडद्यावर रस्ता, हाती स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल, असा हा खेळ. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याला नवे ब्रेक-पेडल घ्यायचे होते. खेळापायी एवढा खर्च कशाला, हा त्याच्या आईचा प्रश्न रास्त होता. परंतु त्याच सुमारास तो खरी मोटार चालवायलाही शिकणार होता. त्याचा पाय कोणती सवय लावून घेतो, हे पाहणे मला अगत्याचे वाटले.

स्वस्त पेडलमध्ये एक स्प्रिंग आणि एक पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणामागे असे तोच. पेडल किती खाली गेले, एवढेच तो मोजतो. त्याचे भाग घासून झिजतात आणि धूळ बसली की संकेत डळमळतो. दुसऱ्या प्रकारात लोहचुंबक असतो. घर्षण नसल्याने झीज टळते, पण मोजले जाते ते अंतरच. तिसरा प्रकार लोडसेलचा. धातूच्या तुकड्यावर चिकटवलेली बारीक पट्टी दाबाबरोबर किंचित ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर उसाची गाडी याच तत्त्वाने तोलली जाते. हे पेडल अंतर नव्हे, जोर मोजते. द्रवदाबावर चालणारी पेडलेही मिळतात; त्यांचा विचार आम्ही किंमत पाहूनच सोडून दिला.

खऱ्या मोटारीत ब्रेकचे पॅड डिस्कला टेकले की पेडल फारसे खाली जात नाही. त्यापुढे काम करतो तो पायाचा जोर. मी वजन करण्याचा काटा भिंतीला टेकवून उभा धरला आणि मुलाला डोळे मिटून 20 किलोंचा जोर लावायला सांगितले. पहिल्या काही खेपा फसल्या. हळूहळू काटा विसाच्या आसपास स्थिरावू लागला. जोराची आठवण पायात राहते, हे दोघांनाही पटले आणि निर्णय लोडसेलच्या बाजूने झाला. चाकांच्या खुर्चीवर बसून असे पेडल दाबले तर खुर्चीच मागे सरकते. म्हणून गावातल्या वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतली आणि खुर्ची व पेडल तिला बोल्टने आवळले. हा खर्च आधीच धरलेला बरा.

तरीही एक गोष्ट या पेडलाला मोजता येत नाही. यान मार्डनबरो या ब्रिटिश तरुणाने 2011 मध्ये ‘ग्रान टुरिस्मो’ या खेळाची स्पर्धा जिंकली आणि तो खरा शर्यतपटू झाला. 2013 मध्ये ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला. मात्र 2015 मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगवर त्याची मोटार हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक मृत्यू पावला. पडद्यावर अपघात झाला तर एक बटण दाबून शर्यत नव्याने सुरू करता येते. तेथे तसे बटण नव्हते.

पेडल बसवून झाल्यावर मी मुलाला घेऊन एसटीने सोलापूरला निघालो आणि त्याला चालकाजवळच्या आसनावर बसवले. घाट सुरू होण्याआधीच चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली. ब्रेक सतत दाबून ठेवला तर ड्रम तापतात आणि पकड ढिली पडते. म्हणून उतारावर गाडी इंजिनाच्या बळावर आवरायची आणि ब्रेक अधूनमधून लावायचा.

“पप्पा, ते ब्रेकवर पाय फारसा ठेवतच नाहीत,” मुलगा हळूच म्हणाला.

“मागे किती माणसे बसली आहेत, हे त्यांच्या पायाला ठाऊक आहे,” मी म्हणालो.

घाट संपेपर्यंत तो चालकाच्या पायांकडे पाहत राहिला. ज्या घरांत हा छंद शिरला आहे, तेथील आईवडिलांनी पेडलाबरोबर असा एक प्रवासही मुलांना घडवावा, असे सुचवावेसे वाटते.