कीनची आठी

फुटबॉलपटू रॉय कीनच्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी आहे. ती त्याच्या मालकीची की तो तिच्या मालकीचा, हे इतक्या वर्षांत कुणाला ठरवता आलेलं नाही. क्लब बदलले, खेळ सुटला, दाढी पिकली, अंगावर सूट आला, पुढ्यात माइक आला. आठी होती तिथेच आहे. तिला स्वतःचा स्वभाव आहे, आवडीनिवडी आहेत (आवडी कमीच), आणि हल्ली कीनच्या मानधनातला निम्मा वाटा तिचा असावा अशी मला दाट शंका आहे.

तिचं माहेर आयर्लंडमधलं कॉर्क, त्यातला मेफिल्ड हा कष्टकऱ्यांचा भाग. कीन तिथला, जन्म १९७१चा. पोराची चण लहान, म्हणून सुरुवातीला मोठ्या क्लबांनी फारसं विचारलं नाही. १९९०मध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. तिथे ब्रायन क्लफ नावाचा तऱ्हेवाईक गुरू भेटला. एका कप सामन्यात कीनने गोलकीपरकडे मागे दिलेला पास कमी पडला आणि गोल बसला. सामन्यानंतर क्लफने या पोराला चक्क ठोसा मारून आडवा केला. आज असं झालं तर चौकशी समिती बसेल. कीनने मनात काही ठेवलं नाही. उलट आपल्याला लाभलेल्या प्रशिक्षकांत क्लफच सर्वांत थोर, असं तो पुढे सांगत राहिला. ठोशापेक्षा फसलेला पास त्याला जास्त लागला होता.

खेळ सोडून कीन टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसला; तिथे ही आठी कामाला कशी लागते, ते जवळून पाहावं. शेजारचा कुणी तरी एखाद्या खेळाडूचं कौतुक सुरू करतो: काय धावला, काय जीव तोडून खेळला! कीन गप्प. ओठ मिटलेले, मान जराशी तिरकी. आठी सावकाश खोल होते. कौतुक करणाऱ्याचा आवाज वाक्याच्या मध्यावर खाली येतो. मग कॉर्कच्या हेलात निकाल लागतो: ते त्याचं कामच आहे.

तिच्या कायद्यात कलम हे एवढंच. नेमून दिलेलं काम केलं म्हणून टाळ्या मागायच्या नाहीत. आणि हे कलम तिने फक्त दुसऱ्यांसाठी केलेलं नाही. एप्रिल १९९९, तुरिन, युव्हेंटसविरुद्ध चॅम्पियन्स लीगची उपांत्य लढत. पहिल्या अकरा मिनिटांत कीनचं मँचेस्टर युनायटेड दोन गोलांनी मागे. बेकहॅमच्या कॉर्नरवर कर्णधार कीनने डोक्याने गोल केला. थोड्या वेळाने त्याला पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे संघ जिंकला तरी अंतिम सामना त्याच्यासाठी संपला. त्यानंतर तो असा खेळला की युनायटेड ३-२ने जिंकलं. प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसनने त्या खेळावर स्तुतिसुमनं उधळली. कीनला ती स्तुती अपमानासारखी वाटली. पोस्टमनने पत्रं पोचवली म्हणून त्याची वाहवा करता का, असा त्याचा सवाल.

हा सवाल घेऊन ती आजच्या जगात फिरते, आणि आजचं जग तर वाहवांवरच चालतं. सामन्याआधी मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात प्रतिस्पर्धी एकमेकांना मिठ्या मारतात, आठी पडते. २०२२च्या विश्वचषकात ब्राझीलने दक्षिण कोरियाला ४-१ने हरवताना प्रत्येक गोलनंतर नाच केला. पहिल्या नाचापर्यंत तिने सोसलं; प्रशिक्षक टिटेही नाचात सामील झाल्यावर कीनने हा प्रतिस्पर्ध्याचा अनादर आहे असं थेट सांगून टाकलं. तिथे मात्र मी ब्राझीलच्या बाजूने आहे. नाचता येणाऱ्यांनी नाचावं. (पुढच्याच सामन्यात ते क्रोएशियाकडून पेनल्टींवर हरले, हा आठीचा दोष नव्हे.) त्याआधी २०२०मध्ये टॉटनहॅमविरुद्ध युनायटेडच्या मॅग्वायर आणि दे हेआ यांच्या चुकीने गोल बसला, तेव्हा यांना संघाच्या बसमध्येही घेऊ नये, टॅक्सीने मँचेस्टरला जाऊ दे, असा तिचा हुकूम होता.

मोबाइलशी तिचं जुनं वाकडं आहे. युनायटेडमधल्या गॅरी नेव्हिलने एकदा नवा नंबर घेतला आणि तो सगळ्या सहकाऱ्यांना मेसेजने कळवला. कीनचं उत्तर आलं: मग काय? संडरलंडचा प्रशिक्षक असताना त्याला रॉबी सॅव्हेज हा खेळाडू हवा होता. फोन लावला, तर व्हॉइसमेलवर बिअरच्या जाहिरातीतली लांबलचक आरोळी ऐकू आली. असा माणूस मी घेणार नाही, म्हणून कीनने तो विषयच मिटवला. एका निरोपाच्या आवाजावर एक करार बुडाला. त्याच संडरलंडमध्ये तीन खेळाडू बसला उशिरा आले, तर बस त्यांना सोडून बार्न्सलीला गेली आणि संघ जिंकून आला.

पण आठीने संघ कायम चालत नाही. संडरलंडला त्याने वर चढवलं, नंतर तिथून बाहेर पडला; इप्सविचमध्ये तर जमलंच नाही. तिच्या खाती काळी पानंही आहेत. प्रतिस्पर्धी आल्फी होलांडवरचा २००१चा टॅकल शिस्तीचा नव्हता, सूडाचा होता. पुढे आत्मचरित्रात कीनने स्वतःच तसं लिहिलं, आणि पाच सामन्यांची बंदी व दीड लाख पौंडांचा दंड ओढवून घेतला. आता त्याच होलांडचा मुलगा अर्लिंग मँचेस्टर सिटीसाठी गोलांच्या राशी घालतो, आणि कीनने गोल सोडता त्याचा बाकीचा खेळ जवळजवळ चौथ्या श्रेणीतल्या खेळाडूचा ठरवला! इथे आठी खेळाकडे पाहत होती की मागच्या हिशेबाकडे, देव जाणे.

सायपानला मात्र ती बरोबर होती असं मला वाटतं. २००२च्या विश्वचषकाआधी आयर्लंडचा संघ पॅसिफिकमधल्या त्या बेटावर सरावाला गेला. मैदान दगडासारखं टणक. चेंडू आणि साहित्य वेळेवर पोचलेलंच नाही. बाकीच्यांनी चालवून घेतलं. कर्णधार कीनने मुलाखतीत सगळं उघड केलं, मग संघाच्या बैठकीत प्रशिक्षक मिक मॅकार्थीवर तोफ डागली, आणि स्पर्धा सुरू होण्याआधी घरी परतला. देशात उभी फूट पडली. छायाचित्रकार दारात, आणि हा आपला ट्रिग्ज नावाच्या लॅब्रेडोरला फिरवतोय. ज्याचं काम चेंडू आणणं होतं त्याने ते केलं नव्हतं, एवढीच तिची तक्रार. अर्थात विश्वचषक सोडून येण्याची किंमत त्याच्या सहकाऱ्यांनीही भरली, हेही खरं.

आता गंमत पाहा. २०२३पासून कीन, नेव्हिल, कॅरॅगर, इयान राइट आणि जिल स्कॉट हे माजी खेळाडू एका टेबलाभोवती बसून पॉडकास्ट करतात. कीन कुरकुरतो, राइट हसून लोळायचा बाकी राहतो, आणि आठीच्या दोन्ही बाजूंना बारीक हसू फुटतं, ते कीन लगेच गिळतो. आपल्याकडे या सगळ्याच्या क्लिपा रात्री उशिरा मोबाइलवर येऊन पडतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने पाहत म्हातारे झालेल्यांना त्यात नवं काही वाटणार नाही; असली तोंडं त्यांनी गॅलरीत पाहिलेली असतात, फक्त त्यांना मानधन मिळत नव्हतं.

आठीची अडचण हीच आहे. कौतुकाचा तिला तिटकारा, आणि ती पडली रे पडली की लाखो लोक टाळ्या वाजवतात. २०२५मध्ये २००२च्या त्या वादावर ‘सायपान’ नावाचा चित्रपट आला, तेव्हा कॉर्कच्याच एना हार्डविक या अभिनेत्याला ती आपल्या कपाळावर आणावी लागली. त्याचं कौतुकही झालं. कीनला विचारलं तर तो काय म्हणेल, ते सांगायला नको.