अप्पूच्या घरी काळे कोट

दिल्ली मेट्रोच्या ब्लू लाइनवर ‘सुप्रीम कोर्ट’ स्टेशनला (पूर्वीचं प्रगती मैदान) मी उतरलो. जिकडे बघावं तिकडे काळे कोट आणि फायली. इथे कधीकाळी आकाशपाळणा फिरायचा, हे सांगून खरं वाटत नाही.

आपल्याकडे ‘एशियाड’ म्हणजे एसटीची निमआराम बस. ते नाव १९८२ च्या दिल्ली एशियाडचं. त्याच खेळांचा मॅस्कॉट अप्पू, छोटा हत्ती. त्याच्या नावाचं ‘अप्पू घर’ उघडलं १९ नोव्हेंबर १९८४ ला. इंदिराजींची हत्या आणि दंगली होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, आणि तशा दिल्लीत पोरं पाळण्यात बसणार होती! आपलं एस्सेलवर्ल्ड आलं १९८९ मध्ये. म्हणजे अप्पू पाच वर्षांनी सीनियर.

रोलर कोस्टर, डॅशिंग कार, पुढे वॉटर पार्क. आजच्या मानानं मामला साधाच. मला खरं कौतुक वाटतं ते लोकेशनचं. गाडी नको, हायवे नको. बस पकडा, पोरांना घ्या, शहराच्या मधोमध उतरा. बस्स!

ही मोक्याची जागाच नडली. जागेचा वाद कोर्टात गेला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये गेट बंद झालं. २०१९ मध्ये तिथे सुप्रीम कोर्टाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. कोर्टाला जागा हवी होती, कबूल. पण पाळण्यांसाठी शहरातच दुसरा तुकडा का नाही मिळाला? पुढे त्याच नावाचं पार्क निघालं, पण थेट गुडगावला. म्हणजे आला की नाही पुन्हा हायवे!