सत्तावीसचा पाढा

एकतीस वर्षे मास्तरकी केली, पण छडी हा शब्द उच्चारला की एकच पोरगा डोळ्यांपुढे उभा राहतो. साल १९९२. आमचे कळमनुरी तालुक्यातले ते गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडे. हिंगोली जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजी. दोन खोल्या, चार वर्ग नि मास्तर दोन. दुसरे बहुधा रजेवर असत, तो भाग निराळा!

मधल्या सुट्टीनंतर मी त्याला सत्तावीसचा पाढा विचारला. स्वारी 'सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी'पर्यंत आली आणि भिंतीला टेकून चक्क पेंगू लागली. मी छडी ओढली. त्याने मुकाट्याने दुसराही हात पुढे केला.

संध्याकाळी त्याची माय वाटेत भेटली. तक्रार करायला नव्हे, माफी मागायला! म्हणाली, "गुर्जी, दोन दिस झाले मजुरी न्हाई. रातच्याला पानी पिऊन निजलं लेकरू. पाढा घेते म्या घोकून."

त्या रात्री माझ्याही घशाखाली भाकर उतरली नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात चार भाकरी जास्त नेल्या. पण गडी मानी. "जेवून आलो," म्हणाला. शेवटी साऱ्या वर्गाचीच अंगतपंगत मांडली, तेव्हा कुठे बसला. शनिवारी पाढा खडाखडा म्हणून दाखवला. माझ्याकडे मान वर करून पाहायला मात्र दिवाळी उलटावी लागली.

पुढे १५ ऑगस्ट १९९५ पासून सरकारी योजना आली. ऐंशी टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. चांगलेच झाले, पण तांदूळ घरच्या सगळ्या तोंडांत वाटला जाई आणि पोर शाळेत यायचे ते उपाशीच. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा हुकूम केला, नि यथावकाश आमच्या ओसरीत खिचडी रटरटू लागली. 'आम्ही शिकवायचे की तांदूळ निवडायचे?' म्हणून मीही कुरकुरलो, खोटे कशाला बोलू? पण दुपारचे पेंगणे थांबले, हे मी या डोळ्यांनी पाहिले. दिवाळीनंतर मायबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांना मात्र ती खिचडीही धरून ठेवू शकली नाही. त्यांची रिकामी जागा पाहत मी हजेरी घ्यायचो.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. त्याने मुलांना मारण्यावर बंदी घातली. सहकारी हळहळले. माझी छडी अठरा वर्षांपूर्वीच चुलीत गेली होती.

परवा हिंगोलीच्या बसस्थानकावर एका पिकल्या मिशांच्या माणसाने वाकून नमस्कार केला. तोच! आम्ही चहा घेतला. मी खिशात हात घातला तसा त्याने माझा हात धरला. पैसे काही त्याने मला देऊ दिले नाहीत.