हौद आणि गाळणें

घरांत वडीलकीचा मान मिळूं लागला कीं मनुष्यास एक खोड हळूच जडते. आपण सांगितलेलें चुकलें असेल, ही शंकाच त्यास येईनाशी होते. मला ती खोड चांगलीच जडली होती; आणि ती सुटण्यास कारण झाला एका संगणकांतील वीतभर उंचीचा हौद! गोष्ट लहान आहे; परंतु एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकांस ती परकी वाटणार नाहीं, म्हणून सांगतों.

आमचें बिऱ्हाड पुण्याचें. धाकट्या बंधूंचा मुलगा इमारतींच्या आराखड्यांवरून त्यांचीं हुबेहूब चित्रें संगणकावर करून देतो. असें एखादें काम पुरें होण्यास यंत्र रात्रभर चालावें लागतें, व त्या वेळीं आंतील प्रोसेसर भयंकर तापतो. म्हणून त्यानें पाण्याची योजना बसविली. प्रोसेसरवर तांब्याचा एक ठोकळा. त्याच्या पोटांत पातळ पात्या, आणि दोन पात्यांमधील फट पाव मिलिमीटरच्या आसपास. त्या फटींतून जाणारें पाणी उष्णता उचलतें, रेडिएटरमध्यें ती पंख्याच्या वाऱ्यास देतें, मग हौदांत येतें, आणि हौदांतून पंप तें पुन्हां ठोकळ्याकडे ढकलतो. मिनिटास एक लिटर पाणी फिरत असेल आणि २०० वॉट उष्णता त्यांत शिरत असेल, तर एका फेरींत पाणी तीन अंशही तापत नाहीं. पाण्याची ही थोरवी पाहून मला मोठें कौतुक वाटलें.

सहा महिन्यांनीं मात्र उष्णतामान चढूं लागलें. ठोकळा उघडून पाहतों तों पात्यांमध्यें पांढुरका चिकट थर व काळे कण! रेडिएटरच्या डाखकामांत मागें राहिलेला मळ आणि मऊ नळ्यांतून सुटलेला पदार्थ तेथें येऊन अडकला होता. साऱ्या वाटेंत अरुंद जागा तीच. तेव्हां कचऱ्यानें दुसरीकडे कोठें जावें?

येथें माझी वडीलकी पुढें सरसावली. जन्मभर शास्त्रविषय शिकविलेला मनुष्य मी! वेगळें गाळणें नळीच्या मध्यें बसविलें तर दोन सांधे वाढतात, आणि जितके सांधे तितकीं गळतीचीं भयें. त्यापेक्षां हौदांतच गाळणें असावें, असें मीं ठरविलें. कल्पना वाईट नव्हती. हौदांत पाण्याचा वेग मंदावतो, जाळीस पसरण्यास जागा मिळते, आणि पारदर्शक भिंतींतून सारें डोळ्यांस दिसतें. परंतु मीं दोन चुका केल्या. जाळी पंपाकडे जाणाऱ्या तोंडावर बसविली, आणि तीही वस्त्रगाळ पाणी मिळावें म्हणून अत्यंत बारीक घेतली. पुतण्या एकदां भीत भीत म्हणाला, "काका, इतकी बारीक जाळी लवकर भरणार नाहीं ना?" मीं त्यास स्वच्छतेवर छोटेंसें व्याख्यान दिलें. तो गप्प राहिला.

दोन महिन्यांनीं एका रात्रीं पंप घरघरूं लागला, आणि थोड्याच वेळांत यंत्र आपण होऊन बंद पडलें. सकाळीं द्यावयाचें काम देतां आलें नाहीं, गिऱ्हाईक गेलें. "पंप हलका निघाला," असा निर्णय मीं दिला. पुतण्यानें एक अक्षर न बोलतां स्वतःच्या पैशांनीं नवा पंप आणला. तोही दोन दिवसांत तसाच घरघरूं लागला!

दुपारीं चहा देतां देतां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "स्वयंपाकघरांतल्या नळाचें फडकें तुम्हांला कधीं धुवावें लागत नाहीं, म्हणून तें भरतें हें तुमच्या लक्षांत येत नाहीं. धार बारीक झाली कीं आम्ही आधीं फडकें सोडतों. नळाला नांवें ठेवीत नाहीं."

मी उठलों व हौद उघडला. जाळीवर साय धरावी तसा थर बसला होता. पंपाचा कांहींएक दोष नव्हता. पंपास पाणी ढकलतां येतें. परंतु त्याच्या ओढण्याच्या बाजूस अडथळा आला कीं तो उपाशी राहतो, आणि घरघर करून तेंच सांगत असतो. पुतण्यास हें उमगलें नव्हतें काय? उमगलें होतें. त्याच्या मेजावर कागद होता. त्यावर जाळी हौदाच्या दुसऱ्या बाजूस काढलेली होती. केवळ माझा शब्द खालीं पडूं नये म्हणून त्यानें गिऱ्हाईक गमावलें आणि पंपाचे पैसेही सोसले. तो कागद पाहून मला जी शरम वाटली ती येथें लिहवत नाहीं.

रात्रीं जेवतांना सर्वांसमक्ष मीं सांगितलें, "चूक माझी होती. पंपाचे पैसे मी देणार, आणि नवा हौद तुझ्या कागदाप्रमाणें होणार." पंगतींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग बंधू म्हणाले, "दादा, कढी घ्या." आमच्या घरीं क्षमा अशीच मिळते.

नव्या हौदांत परत येणारें पाणी प्रथम जाळीच्या उभ्या टोपलींत उतरतें. नळीचें तोंड पाण्याखालीं असल्यानें बुडबुडे होत नाहींत. जाळीचीं छिद्रें पात्यांच्या फटीहून थोडींच लहान आहेत. त्याहून बारीक गाळणें हा केवळ हव्यास. टोपली भरत आली कीं तिच्यांतील पाण्याची पातळी बाहेरच्याहून चढलेली दिसते. आणि दुर्लक्ष झालेंच तर पाणी कांठावरून ओसंडून पुढें जातें, प्रवाह थांबत नाहीं. पंपाची वाट सर्वस्वी मोकळी. शिवाय गाळणें कण अडवितें, विरघळलेला दोष नव्हे. म्हणून रेडिएटर आधीं धुवून घेणें, तांब्याच्या सोबतीस ॲल्युमिनियम न आणणें, शुद्ध पाण्यांत शेवाळ रोखणारें औषध घालणें, हीं पथ्यें निराळीं पाळावींच लागतात.

अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी पुण्याच्या हौदांत आणविलें. तेथेंही तलावांत गाळ खालीं बसवून निवळलेलें पाणी पुढें सोडीत, आणि वाटेवर उच्छ्वास बांधलेले होते. बांधणाऱ्यांनीं गाळ येणारच, हें गृहीत धरलें होतें. मीं मात्र माझ्या गाळण्यांत गाळ सांचेल हेंच धरलें नव्हतें!

घरांतील वडील मनुष्यही एका परीनें हौदच. साऱ्यांचे बरेवाईट प्रवाह त्याच्यापाशीं येऊन निवळावे, ही अपेक्षा. पण त्याचें गाळणें उघडून पाहण्याची सोय लहानांस नसेल, तर एके दिवशीं सारें घर अडतें. हल्लीं दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्या टोपली काढतो आणि मी ती धुतों. धुतांना तो मला दोन गोष्टी सांगतो. मी ऐकून घेतों.