उशिरा छापलेली दुरुस्ती

मंडळी, पेपरात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बारीक चौकटीत दुरुस्ती छापतात. माझी एक दुरुस्ती कित्येक वर्षं राहून गेली आहे. ती आज इथे टाकतोय. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

२०१८ च्या जुलैतला पाऊस आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, लोक कमरेएवढ्या पाण्यातून घरी आले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कळंबचाच एक पोरगा माझ्याकडे आला. आयटीआय केलेला, वायरिंगची कामं घेणारा. म्हणाला, "दादा, एक वस्तू केलीय. बघायला येता का?"

वस्तू त्याच्या घरामागे पडवीत उभी होती. खाली भोकं पाडलेला पाइप, त्यात पाण्याच्या टाकीत असतो तसला फुगा. वर बिजागरीवर एक पत्र्याची लाल पाटी, तिच्यावर "थांबा" आणि रात्री गाडीच्या उजेडात चमकणारी पट्टी. बॅटरीवर चालणाऱ्या चुंबकाने ती पाटी वर धरून ठेवलेली. पाइपात पाणी चढलं की फुगा चढतो, बटण दाबतो, चुंबकाची वीज तुटते आणि पाटी खटकन खाली पडते. त्याने बादलीने पाणी ओतून दाखवलं. त्याचं म्हणणं साधं होतं. आपल्या रस्त्यावरच्या मोरीपाशी पाणी चढतं, गावातल्या माणसाला ते ठाऊक असतं. पण शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्या पोरांना अंधारात काय कळणार?

मी विचारलं, "बॅटरी संपली तर?"

"तरी पाटी पडणारच, दादा. पडलेली पाटी म्हणजे थांबा."

"म्हणजे पाणी नसतानाही रस्ता अडणार? लोक शिव्या घालतील तुला."

"घालू देत की. शिव्या खाऊन कोणी बुडत नाही."

मी हसलो, फोटो काढला, संध्याकाळी बातमी पाठवली. सहा-सात ओळी. मथळ्यात "जुगाड" हा शब्द माझाच. आणि शेवटचं वाक्यही माझंच: बॅटरी संपल्यास पाटी आपोआप पडते, हा दोष मात्र अजून दूर व्हायचा आहे.

ते कात्रण घेऊन तो पोरगा एका कार्यालयात गेला. तिथल्या साहेबांनी बातमी वाचली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, आधी दोष काढ, मग ये. पोरगा परत माझ्याकडे आला नाही. हे मला दुसऱ्याकडून कळलं, तेही खूप उशिरा.

आता दुरुस्ती. तो दोष नव्हता. त्या यंत्रातली सगळ्यात हुशार गोष्ट तीच होती.

हे मला कसं कळलं ते सांगतो. माझे वडील गिरगावात एका छापखान्यात कंपोझिटर होते. पहाटेची गाडी पकडून जायचे, शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवायचे. अक्षरं उलटी वाचायची सवय इतकी की आरशातलं लिहिलेलंही सरळ वाचायचे. बोटांच्या टोकांचा काळेपणा शेवटपर्यंत गेला नाही. त्यांच्यावर काही लिहावं म्हणून मी खिळे पाडणाऱ्या यंत्रांची माहिती शोधत होतो आणि तिथे शंकर आबाजी भिसे भेटले.

नाव काहींनी ऐकलं असेल. जन्म १८६७, मुंबई. "हिंदी एडिसन" म्हणून एके काळी गाजलेला माणूस. विशीतच मुंबईत विज्ञानाचं मंडळ काढलं. मग दृष्टिभ्रमाचे खेळ रचले, एक वस्तू बघताबघता दुसरी होते असे, आणि ते थेट मँचेस्टरला जाऊन दाखवले. मुंबईच्या उपनगरी गाडीसाठी स्टेशन दाखवणारं यंत्र योजलं. आज आपण नालासोपाऱ्याला मान वर करून इंडिकेटर बघतो ना, त्याचा विचार हा गृहस्थ एकोणिसाव्या शतकात करत होता! मग लंडनच्या एका मासिकाची स्पर्धा होती, किराणा माल मोजून देणाऱ्या यंत्राची. भिशांचा आराखडा तिथे पहिला आला.

त्या जोरावर ते लंडनला गेले. दिनशा वाच्छांची चिठ्ठी घेऊन दादाभाई नौरोजींना भेटले. दादाभाईंनी नुसती पाठ थोपटली नाही, रीतसर करार करून पैशाचं बघितलं. तिथे भिशांनी हात घातला तो छपाईला. तेव्हा लायनोटाइप अख्खी ओळ ओतायचं, मोनोटाइप एकेक अक्षर. भिशांनी एका वेळी अनेक साचे चालवणारं यंत्र काढलं, 'भिसोटाइप'. मिनिटाला १२०० खिळे! यात कसब काय? शिसं नेमकं तापलेलं हवं, साचा घट्ट मिटलेला हवा. साचा जरा उघडा राहिला तर वितळलेलं शिसं बाहेर उडतं. म्हणजे यंत्राला पुढचं पाऊल टाकायच्या आधी मागचं झालंय की नाही हे कळलं पाहिजे.

पण १९०७ मध्ये दादाभाई इंग्लंड सोडून भारतात परतले आणि पैसा आटला. पुढे गोखल्यांनी शब्द टाकला, सर रतन टाटांनी भांडवल दिलं, टाटा-भिसे नावाने मंडळी उभी राहिली. तीही टिकली नाही. भिसे अमेरिकेला गेले. तिथे नाव आणि पैसा मिळाला तो बराचसा आयोडीनच्या एका औषधावर. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. माझ्या वडिलांनी भिशांचं नावही ऐकलं नव्हतं. ते हातानेच खिळे उचलत राहिले.

भिशांच्या स्टेशनवाल्या यंत्रावरून मला प्रश्न पडला की गाडी कुठे आहे हे आजच्या रेल्वेला तरी कसं कळतं? वसईत सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी चहाच्या कपाशेजारी दोन आगकाड्या रूळ म्हणून ठेवल्या.

रुळांचे तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्यात दोन्ही रुळांतून बारीक वीज फिरते आणि टोकाला एक रिले उचलून धरते. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, वीज मधूनच परत फिरते, रिले पडतो, सिग्नल लाल. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाची ही युक्ती, १८७२ ची. काका म्हणाले, "आता गंमत बघ. वायर तुटली, बॅटरी मेली, रूळ तडकला तरी रिले पडतो. लालच होतो. बिघडलं तर थांबवायचं, हा आमचा पहिला धडा."

माझा चहा तसाच राहिला. पडलेली पाटी म्हणजे थांबा. आयटीआयवाल्या पोराने हेच मला पडवीत उभं राहून सांगितलं होतं, आणि मी ते दोष म्हणून छापलं होतं.

भिशांच्या मागे नौरोजी, गोखले, टाटा उभे होते, तरी यंत्र अडकलं. आमच्या पोराच्या मागे फक्त माझ्या सात ओळी होत्या, आणि त्यातली एक चुकीची.

त्याला फोन केला. आता तो मुंबईत लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. मी सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "लिफ्टचा ब्रेकपण तसाच असतो दादा. वीज गेली की धरतो." राग नव्हता आवाजात. असता तर बरं वाटलं असतं. ती वस्तू अजून पडवीत आहे म्हणाला, फुगा तेवढा कुजलाय.

फुगा मी आणलाय. येत्या रविवारी आम्ही दोघं ती पुन्हा उभी करणार आहोत, बादलीसकट. ग्रामस्थांनी, नगरसेवकांनी, त्या कार्यालयातल्या साहेबांनीही यावं. प्रश्न विचारा, खोट काढा. फक्त उत्तर पूर्ण ऐकून घ्या. या वेळी मी वहीत आकृतीसकट लिहून घेणार आहे, आणि छापायच्या आधी त्याला वाचून दाखवणार आहे.

आणि तुमच्या गल्लीत कोणी असं काही करून ठेवलं असेल तर कळवा. मी बघायला येईन.