आपला माणूस, साऱ्या सभागृहाचा अध्यक्ष

आमच्या नगरच्या आडते बाजारात मोठ्या माणसाविषयी एक प्रश्न हमखास विचारला जातो : त्यांनी आपल्या समाजासाठी काय केले? कुणी धर्मशाळा बांधली, कुणी वसतिगृहाला देणगी दिली, कुणी स्थानकासाठी जागा मिळवून दिली, की त्याचे नाव जमेच्या बाजूला लिहिले जाते. कै. कुंदनमल शोभाचंद फिरोदिया, अर्थात भाऊसाहेब, यांच्या बाबतीत हा हिशेब इतका सोपा नाही. आणि म्हणूनच त्यांचे स्मरण मला अधिक मोलाचे वाटते.

व्यापारी समाजात जन्मलेले भाऊसाहेब वकील झाले, राष्ट्रीय चळवळीत उतरले आणि त्यापायी त्यांनी तुरुंगवासही भोगला. ग. वा. मावळंकर दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाल्यावर, १९४६ साली, मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भाऊसाहेबांकडे आले. १९५२ पर्यंत ते त्या आसनावर होते. तेव्हाचा मुंबई प्रांत गुजरातपासून धारवाडपर्यंत पसरलेला होता. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि मोरारजी देसाई गृह व महसूल खाते सांभाळीत होते. पुढे भाऊसाहेबांचे पुत्र नवलमलजी व हस्तीमलजी यांनी वाहन-उद्योगात नाव मिळविले. त्यामुळे आजच्या पिढीला फिरोदिया हे नाव कारखान्यांवरून अधिक ठाऊक आहे. वडिलांचे नाव नगरमधील हायस्कूलच्या पाटीवर वाचायला मिळते.

त्या सहा वर्षांत विधानसभेपुढे आलेले कायदे पाहिले की व्यापारी घराण्यांत चलबिचल का झाली असेल, हे समजते. १९४६ च्या सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा केला, हिशेबाच्या वह्या ठेवणे, कुळाला पावती व खात्याचा उतारा देणे बंधनकारक केले आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास दामदुपटीचा बांध घातला. १९४८ च्या कूळकायद्याने जिराईत जमिनीचा खंड पिकाच्या एक तृतीयांशावर आणि बागायतीचा एक चतुर्थांशावर रोखला. ज्यांची पेढी, सावकारी आणि थोडीफार शेतजमीन एकाच वहीत नांदत होती, अशा घरांना या दोन्ही कायद्यांची झळ लागली. आमचे घर त्यांपैकीच एक.

माझे आजोबा धान्याच्या आडतीबरोबर देवघेवही करीत. ते कधीकधी खिन्नपणे म्हणत, "आपला माणूस खुर्चीवर होता, तरी आपल्याच पोटावर कायदे झाले." त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, आपल्या माणसाकडून असलेली अपेक्षा होती. ही तक्रार आमच्या घरात दोन पिढ्या टिकली.

मात्र अध्यक्षाचे आसन म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. आपण रोज तराजू हाती धरतो. एका पारड्यात माल, दुसऱ्यात माप आणि मधला काटा कुणाचाच नाही. विधानसभेचा अध्यक्ष एरवी मतदानात भाग घेत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली, तरच त्याने आपले मत द्यायचे असते. ते कायदे भाऊसाहेबांनी मांडलेले नव्हते. मंत्र्यांनी मांडले, सभागृहाने चर्चा करून संमत केले. अध्यक्षाने प्रत्येक बाजूला बोलू द्यायचे आणि काटा स्थिर ठेवायचा. ज्या कायद्याने आपलेच सगेसोयरे दुखावणार, त्याच्या चर्चेच्या वेळी त्या आसनावर बसणे हे सामायिकातील समभावाइतकेच अवघड आहे. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते. हे सहा वर्षांचे होते.

सावकारी कायद्याची कलमे मी वाचली, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. खरी नोंद ठेवा, पावती द्या, खाते दाखवा, एवढेच तर त्यातील बरीचशी कलमे सांगतात. आपण प्रतिक्रमणात अणुव्रतांचे अतिचार आठवतो. सत्याच्या अतिचारांत कूटलेख येतो, अचौर्याच्या अतिचारांत खोटे वजन-माप येते. दिवाळीला आपण चोपड्यांचे पूजन करतो, ते त्यांतील अक्षर खरे राहावे म्हणूनच. ज्या आचरणाची कबुली आपण गुरूंसमोर देत आलो, तेच सरकारने कागदावर मागितले. आजोबांनी परवाना घेतला, वह्या नीट ठेवल्या आणि पेढी चालू राहिली. तो परवाना आजही आमच्या कपाटात आहे.

त्याच काळातील १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने देवस्थाने व धर्मादाय संस्थांची नोंदणी आणि हिशेबतपासणी सुरू झाली. आज आपल्या ट्रस्टच्या पावतीपुस्तकावर जो नोंदणी क्रमांक छापलेला असतो, त्याचे मूळ तिथे आहे. तो क्रमांक पाहून दाता निर्धास्तपणे देणगी देतो. जो नियम सुरुवातीला बेडी वाटला, तोच पुढे आपली पत झाला.

निवडणुका जवळ आल्या की आपल्या समाजातही बैठका होतात, निवेदने तयार होतात, आपला माणूस हवा असे ठराव होतात. यात गैर काही नाही. पण निवडून गेलेल्या माणसाला आपण वकील समजतो, तेव्हा त्याला न्यायाच्या आसनावर बसण्यास आपणच अपात्र करीत असतो. भाऊसाहेबांवर गुजराती, कानडी, मराठी, शेतकरी, व्यापारी अशा नाना हितांच्या सभागृहाने विश्वास टाकला, तो ते कुणा एका हिताचे नव्हते म्हणून. एका जैन श्रावकाला मिळालेला हा विश्वास मी समाजाच्या खात्यात जमेकडेच लिहीन. धर्मशाळेच्या भिंतीवर तो कोरता येत नाही, एवढाच काय तो फरक.